आधी नाव, मग फवारा

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पुणे परिसरातल्या टोमॅटोवर एक नवीच कीड सापडली. पानांवर फिकट, पातळ झालेले चट्टे होते. ओझरते पाहणाऱ्याने नागअळी म्हणून सोडून द्यावे, असेच ते दिसत होते. पण पान उजेडासमोर धरले की आतल्या अळीला स्पष्ट डोके दिसते आणि पायही दिसतात. नागअळीला यातले काहीच नसते. ही अळी होती टुटा अ‍ॅब्सोल्यूटा. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत. पेरू देशातून आलेल्या पतंगावरून एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी १९१७ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले होते. नंतरची कित्येक दशके ती त्याच खंडात राहिली. २००६ मध्ये स्पेनमध्ये पोचली आणि तिथून आठ वर्षांत भारतात. पुण्यानंतर ज्या जिल्ह्यांत ती आढळली त्यांत तेव्हाचे अहमदनगर, नाशिक आणि सातारा यांच्याबरोबर धुळे आणि जळगाव ही दोन नावेही होती.

तेव्हापासून खानदेशातल्या टोमॅटो उत्पादकाला पानावरचा चट्टा पाहून अंदाजाने बोलणे परवडत नाही. ही पुस्तिका त्यासाठी आहे. तिचा आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे. पीक एकच, टोमॅटो. जागा शेडनेटची किंवा पॉलिहाऊसची, जिल्हे दोन, आणि कीटकांमधले फक्त पतंग व त्यांच्या अळ्या. पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळी यांचा त्रास कमी नाही, पण त्यांच्यावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. अळीच्या बाबतीत मात्र बहुतेक माहितीपत्रके ‘अळीवर्गीय किडी’ एवढ्या दोन शब्दांवर थांबतात आणि लगेच औषधांचा तक्ता सुरू होतो.

शेडनेटमध्ये पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो, “साहेब, काय मारू?” विचारणाऱ्याची घाई मला कळते. माल तोडणीला आलेला असतो, नेटच्या कर्जाचा हप्ता समोर असतो आणि प्रत्येक पोखरलेले फळ क्रेटमधून बाजूला काढावे लागते. पण ‘हे आहे काय?’ हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नाही. किडीचे नाव हा तिचा पत्ता असतो. नाव ठरले की अंडी झाडाच्या कोणत्या भागात शोधायची, अळी दिवसा कुठे दडते, कोष पानात, मातीत की क्रेटच्या खाचेत, पतंग कोणत्या गंधाला येतो, हे सगळे एकदम हाती येते. नाव चुकले तर फवारा पडतो एकीकडे आणि अळी असते दुसरीकडे.

नेटबद्दल एक समज आधी दूर करायला हवा. हिरवे शेडनेट उन्हासाठी असते, किडीसाठी नव्हे. पन्नास टक्के सावली देणाऱ्या जाळीतून टुटाचा पतंग अडखळल्याशिवाय आत येतो. पॉलिहाऊसच्या खिडक्यांना चाळीस मेशची कीटकरोधक जाळी असेल तर मोठे पतंग बाहेर राहतात, पण ते जाळी अखंड असेपर्यंतच. एका कोपऱ्यात शिवण उसवली, कामाच्या वेळी दार उघडे राहिले, बाहेरून आणलेल्या रोपांच्या पानात अंडी आली किंवा बाजारातून परतलेले क्रेट न धुता आत गेले, की जाळीचा अर्थ उलटा होतो. आत शिरलेल्या पतंगाला मग पक्षी नाहीत, वटवाघळे नाहीत, अंडी धुऊन नेणारा पाऊस नाही, अळीत अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्याही फारशा नाहीत. पीक सहा-आठ महिने उभे राहते. सुतळीवर चढवलेल्या वेलीला शेंडा, फूल, कच्चे फळ आणि पिकलेले फळ एकाच वेळी असते. अळीला एवढी सोय उघड्या शेतात कधी मिळत नाही.

त्यात खानदेशचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत तापीकाठापासून पांझरेच्या खोऱ्यापर्यंत शेते मोकळी पडतात, जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि मैलभर परिसरात हिरवे उरते ते केळीचे बाग, नुकतीच लावलेली पूर्वहंगामी कपाशी आणि एखादे शेडनेट. पतंगाच्या मादीला अंडी घालायला कोवळे हिरवे पान लागते. ती अशा वेळी कुठे वळेल हे सांगायला नको. टोमॅटोवरची कीड ओळखायची असेल तर बांधापलीकडच्या शेताकडेही पाहायला हवे, ते यासाठीच. आपल्याकडे टोमॅटोच्या नेटभोवती कपाशी असते, मका असतो, हिवाळ्यात हरभरा असतो, कुठे तीळ आणि भरताची वांगी असतात. नेटमध्ये येणारे बहुतेक पतंग याच पिकांमधून येतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यात तिला आपण घाटे अळी म्हणतो, कपाशीत हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोत फळ पोखरणारी अळी. तुरीच्या शेंगांतही तीच असते. कीटक एकच असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या घाट्यांना भोके दिसू लागली, की शेजारच्या नेटमधल्या माणसाने त्याच आठवड्यात टोमॅटोचे शेंडे तपासायला लागावे. मादी एकेक सुटे अंडे घालते, बहुधा वरच्या कोवळ्या पानांवर आणि फुलांच्या आसपास. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, पिवळसर पांढरे, आणि भिंगाखाली त्यावर उभ्या रेघा दिसतात. दोन-चार दिवसांत अळी बाहेर येते, थोडे दिवस पान-फूल कुरतडते आणि मग फळाकडे वळते. तिची खाण्याची ढब ओळखीची खूण आहे. डोके आणि पुढचे अर्धे शरीर फळात, मागचे अर्धे बाहेर. भोक गोल असते आणि त्याच्या तोंडाशी ओलसर विष्ठा साठलेली असते. एक फळ संपवून न थांबता ती दुसऱ्यात जाते, त्यामुळे थोड्या अळ्यांनीही नुकसान मोठे होते. मोठ्या अळ्या आपल्याच जातीच्या लहान अळ्यांना खातात, म्हणून एका फळात दोन क्वचितच सापडतात.

हिच्या रंगावर मात्र कधीच विसंबू नये. एकाच वाफ्यात हिरवी, तपकिरी, पिवळसर आणि गुलाबी झाक असलेली अळी सापडते आणि चौघीही हेलिकोव्हर्पाच असतात. रंग बदलला म्हणून ‘दुसरी अळी आली’ असे समजून दुसरे औषध आणणारे पुष्कळ जण पाहिले आहेत. खरी ओळख भिंगाखाली पटते. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबीने जाणारी फिकट रेघ, विरळ ताठ केस, आणि बारीक काट्यांमुळे खरखरीत वाटणारी कातडी. पूर्ण वाढलेली अळी साडेतीन ते चार सेंटीमीटरची होते आणि कोषात जाण्यासाठी जमिनीत पाच-दहा सेंटीमीटर खाली उतरते. पतंग मळकट पिवळा ते तपकिरी असतो. पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग आणि मागच्या फिकट पंखाच्या कडेला रुंद काळपट पट्टा असतो. हेलिकोव्हर्पा असल्टा ही जवळची जात इतकी सारखी दिसते की पंखांवरून शंका उरली, तर पतंगाच्या पोटातले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निकाल लागतो. त्या कामासाठी शेतकऱ्याने वेळ घालवू नये, नमुना जपावा एवढेच पुरे.

स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे आपल्याकडची तंबाखूवरची पाने खाणारी अळी, अगदी वेगळ्या रीतीने वागते. तिची मादी शेकडो अंडी एकाच ठिकाणी पुंजक्याने घालते आणि त्यांवर स्वतःच्या अंगावरचे तपकिरी केस पसरते. पानाच्या खालच्या बाजूला असा केसाळ चट्टा दिसला तर ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकावे. शेकडो अळ्यांचा बंदोबस्त तेवढ्याने होतो, दुसरे काही लागत नाही. हीच संधी हुकली तर लहान अळ्या एका पानावर गर्दी करून हिरवा भाग खरवडतात आणि पान जाळीदार, पांढुरके होते. वाढत्या वयात त्या पांगतात. पाठीवर काळ्या त्रिकोणी खुणांच्या जोड्या दिसू लागतात, कातडी गुळगुळीत असते. मोठ्या अळ्या दिवसा झाडावर सापडतच नाहीत. मल्चिंग पेपरच्या कडेखाली, मातीच्या ढेकळांत, वाळलेल्या पानांच्या ढिगात त्या दडतात आणि रात्री वर चढतात. सकाळी दहा वाजता फवारणारा माणूस रिकाम्या पानांवर औषध मारत असतो. टिश्यू कल्चर केळीच्या कोवळ्या रोपांवरही हीच अळी येते, तेव्हा यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ज्यांनी नेट उभारले आहे त्यांना ती परकी नाही. संध्याकाळी टॉर्च घेऊन एक फेरी मारली तर तिची ओळख अर्ध्या तासात पटते.

तिचीच एक बहीण, स्पोडोप्टेरा एक्झिग्वा, लहान आणि हिरवी असते. छातीच्या दुसऱ्या खंडावर, पायाच्या वर एक गडद ठिपका असतो तो पाहावा. दुसरी बहीण मक्यावरची लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात भारतात पहिल्यांदा सापडली आणि थोड्याच काळात धुळे-जळगावच्या मक्यात शिरली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात मांडलेले चार ठिपके ही तिची खूण. टोमॅटो तिचे आवडते पीक नाही. मक्याच्या शेजारच्या नेटमध्ये तिचा पतंग दिव्यावर आला म्हणून टोमॅटोवर फवारा काढायचे कारण नाही.

उंटअळीबद्दल थोडक्यात सांगता येते. चालताना पाठीची कमान करणारी हिरवी अळी दिसली की पोटाखालचे पाय मोजावेत. पतंगांच्या बहुतेक अळ्यांना छातीचे तीन जोड खरे पाय आणि पोटाचे पाच जोड मांसल पाय असतात. उंटअळीला पोटाचे मिळून तीनच जोड असतात आणि मधला भाग उचलूनच तिला पुढे सरकावे लागते. ती पाने खाते, फळाला फारसा हात लावत नाही. पायांचा हा हिशेब इतर ठिकाणीही कामाला येतो. पिवळी, काटेरी आणि पोटाला पाय नसलेली अळी दिसली तर ती वांग्यावरून आलेल्या ठिपकेदार भुंग्याची, पतंगाची नव्हे. पानाच्या आत पाय आणि डोके दोन्ही नसलेली पिवळी अळी म्हणजे माशीची, लिरिओमायझाची. आपली जुनी नागअळी तीच.

शेपटावर शिंग असलेल्या बोटभर अळीची गोष्ट वेगळी आहे. ती दिसली की माणूस मोबाइलवर शोधतो आणि समोर अमेरिकेतल्या टोमॅटोवरच्या मँड्युकाची चित्रे येतात. मँड्युका भारतात नाही. आपल्याकडे टोमॅटो, वांगे, बटाटा आणि विशेषतः तिळावर येणारी शिंगवाली अळी अ‍ॅकेरॉन्टिया स्टिक्सची असते. अंगावर तिरपे पट्टे आणि शेवटी वळलेले, खडबडीत शिंग. तिच्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी आकृती असते, डिवचला तर तो चिरका आवाज काढतो आणि रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. अंगावरच्या त्या आकृतीमुळे त्याला अशुभ मानून मारतात, त्याची काही गरज नाही. अळी मोठी, एकटी आणि सहज दिसणारी असते. हाताने उचलून बाहेर टाकली की काम झाले.

आता पुन्हा टुटाकडे येतो, कारण नेटमध्ये सर्वांत जास्त जपायचे आहे ते तिच्यापासून. पतंग जेमतेम पाच-सात मिलिमीटरचा, रुपेरी करडा, पंखांवर काळे ठिपके. दिवसा पानांत बसून राहतो, झाड हलवले की थोडा उडतो आणि पुन्हा बसतो, त्यामुळे लक्षातच येत नाही. एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालू शकते, तीही सुटी आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. अळी जन्मतःच पानात शिरते. दोन पापुद्र्यांच्या मधला हिरवा भाग खात जाते, आणि तिचा चट्टा रुंद, अनियमित, आत काळी विष्ठा साचलेला असतो. नागअळीचा माग अरुंद, वळणावळणाचा असतो आणि त्यात विष्ठेची बारीक रेघ असते. जुने चट्टे एकमेकांत मिसळले की फसगत होते, म्हणून नेहमी ताज्या चट्ट्यात अळी शोधावी. टुटाच्या लहान अळीच्या डोक्यामागे बारीक काळी पट्टी असते. वाढलेली अळी गुलाबी होते, पण आठ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. वांग्यातली शेंडा व फळ पोखरणारी अळीही गुलाबीच असते, मात्र ती याच्या दुप्पट मोठी आणि टोमॅटोवर क्वचितच येणारी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अशी वांगी ज्यांच्या बांधावर आहेत त्यांची ही गल्लत वारंवार होते.

टुटा पानावर थांबत नाही. शेंडा पोखरते, कच्च्या फळात देठाच्या पाकळ्यांखालून शिरते आणि बाहेर टाचणीने टोचल्यासारखे भोक एवढीच खूण ठेवते. हेलिकोव्हर्पाचे भोक लांबून दिसते, हिचे भोक देठ उचलल्याशिवाय दिसत नाही. आत शिरल्यावर तिच्यापर्यंत स्पर्शजन्य औषध पोचत नाही. आणि तिला वेळही कमी लागतो. तापमान चौदा अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून पतंगापर्यंत अडीच महिने जातात. सत्तावीस अंशांवर तेवढेच काम सुमारे चोवीस दिवसांत होते. धुळ्यात थंडीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा तिचा वेग मंदावतो, पण फेब्रुवारी संपता संपता नेटमध्ये एका पिढीच्या अंगावर दुसरी पिढी चढू लागते. अंडी, अळी, कोष आणि पतंग एकाच वेळी असतात आणि एकच फवारा त्या सगळ्यांना लागू पडत नाही.

तिच्या कुळाचा खानदेशाला चांगलाच परिचय आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. कपाशीतली गुलाबी बोंडअळी याच कुळातली. बटाट्यावरची पाकोळी तर तिची सख्खी नातेवाईक. १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर ती मुंबई इलाख्यात शिरली आणि ती टोमॅटोचे पानही पोखरते. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातली बोंडे आतून पोकळ केली. बोंडअळीला दाद न देणारे बियाणे असताना बोंडअळी आली कशी, असे त्या वर्षी गावोगाव विचारले जात होते. ही दुसरी बोंडअळी आहे, बंद बोंडात राहते आणि बीटीला सरावली आहे, हे कळेपर्यंत हंगाम निघून गेला होता. टुटाही तशीच आत दडणारी आणि औषधांना लवकर सरावणारी कीड आहे. जगात अनेक देशांत ती एकामागून एक औषधगटांना पुरून उरली आहे.

नाव आधी का, याचा व्यवहारी पुरावा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो. कामगंध सापळ्याची ल्यूर प्रत्येक जातीची वेगळी. हेलिकोव्हर्पाची ल्यूर लावली तर टुटाचा नर तिच्याकडे फिरकत नाही. सापळा रिकामा राहतो आणि नेटचा मालक निर्धास्त होतो. घाटे अळीचा विषाणू, ज्याला आपण एचएएनपीव्ही म्हणतो, हेक्टरी २५० एलई या प्रमाणात संध्याकाळी फवारला तर लहान हेलिकोव्हर्पाला गाठतो, स्पोडोप्टेराला त्याची बाधा होत नाही, तिचा विषाणू निराळा. ट्रायकोकार्डमधली चिमुकली गांधीलमाशी सुट्या अंड्यांवर चांगले काम करते, केसांनी झाकलेल्या पुंजक्यात तिला शिरणे जड जाते. झेंडूचा उपाय घ्या. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ सुचवली आहे. झेंडूचे रोप पंचेचाळीस दिवसांचे, टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि हेलिकोव्हर्पाची मादी झेंडूकडे ओढली जाते. टुटासाठी ही ओळ निरुपयोगी आहे. चारही उपाय उत्तम आहेत. चुकीच्या किडीवर चारही वाया जातात.

मेलेली आणि मरणारी अळी ओळखणे हाही या पुस्तिकेचा भाग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. पानाला मागच्या पायांनी धरून उलटी लटकलेली, काळवंडून पाणी झालेली अळी विषाणूने मेलेली असते, आणि तो रोग पुढे पसरावा अशीच आपली इच्छा असायला हवी. सुकलेल्या छोट्या अळीशेजारी करडा, लांबट गोल, काळसर डागांचा एकच कोष दिसला तर तो कॅम्पोलेटिस क्लोरिडी या गांधीलमाशीचा, जी हेलिकोव्हर्पाच्या लहान अळीत अंडी घालते. पांढऱ्या कोषांचा छोटा पुंजका दिसला की तो ‘अळीची अंडी’ म्हणून चिरडला जातो. तेही बहुधा मित्रकीटकांचेच असतात. टोमॅटोच्या शेंड्यावर फिरणारा हिरवा, सडपातळ ढेकूण, नेसिडिओकोरिस टेन्युइस, टुटाची अंडी खातो. त्याची संख्या फार वाढली आणि त्याला खायला किडी उरल्या नाहीत तर तो खोडालाही टोचतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी. दिसताक्षणी मारू नये. आणि रात्री दिव्यापाशी नेटच्या बाहेरच्या बाजूला बसणाऱ्या पतंगांत कित्येक जाती निरुपद्रवी असतात. लाल-काळ्या ठिपक्यांचा पांढरा पतंग तागावरचा असतो, हिरवा देखणा पतंग कण्हेरीवरचा. यावलच्या जंगलालगत किंवा अनेर धरणाच्या बाजूला ज्यांचे शेत आहे त्यांना असे पाहुणे रोज भेटतील.

पतंगांची ओळख आपल्या देशात पुस्तकी विषय म्हणून सुरू झाली. जॉर्ज हॅम्पसन यांचे भारतातल्या पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले आणि आजही अभ्यासकांना ते उघडावे लागतात. पण त्यांत मुख्यतः टाचणीला लावलेले पतंग आहेत. शेतकऱ्याला भेटते ती अळी. ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांचे नाव मी आदराने घेतो. जंगलात सापडलेली अळी घरी आणायची, तिचे खाद्य तिला द्यायचे, कोष होऊ द्यायचा आणि पतंग बाहेर आला की मग नाव लिहायचे, ही त्यांची रीत. एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला शिंगवाल्या अळ्यांच्या कुळावरचा खंड १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली अळ्यांची वर्णने या पाळण्यातूनच आली आहेत.

ती रीत आजही कोणत्याही नेटमध्ये करता येते. प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी, तळाशी दोन बोटे ओलसर माती, तोंडाला मलमलचा फडका. अळी ज्या पानावर किंवा फळावर सापडली तेच खाद्य रोज ताजे द्यावे आणि विष्ठा काढून टाकावी. एका बरणीत एकच अळी ठेवावी, हेलिकोव्हर्पाच्या बाबतीत तर नक्कीच. बरणी सावलीत ठेवावी, उन्हाळ्यात नेटमध्येच ठेवली तर अळी उकडून मरते. पतंगाऐवजी गांधीलमाशी बाहेर आली तर ती बातमी आनंदाची. नमुना साठवायचा असेल तर अळी आधी मिनिटभर खूप गरम पाण्यात ठेवून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकावी, म्हणजे ती काळी पडत नाही. पतंग कोरडाच ठेवावा, बोटांनी पंख धरू नयेत, कारण खुणा ज्या खवल्यांत असतात ते बोटाला लागून जातात. मोबाइलवर फोटो काढताना पाठ, बाजू आणि डोके असे तीन फोटो घ्यावेत आणि शेजारी एक नाणे ठेवावे. या पुस्तिकेतली चित्रे नेमकी याच तीन बाजूंनी दिली आहेत.

पुस्तिकेत औषधांची यादी नाही, आणि ती का नाही हे सांगितले पाहिजे. कोणते औषध टोमॅटोवर कोणत्या किडीसाठी चालेल हे केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणीवर ठरते आणि ती यादी बदलत असते. छापील पुस्तक तिच्यामागे धावू शकत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. तिथे वरती उघडे आकाश होते. पॉलिहाऊसमध्ये वरती दोनशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद असतो, हवा खेळत नाही, उष्म्यामुळे तोंडावरचा रुमाल काढला जातो, आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओळींत बगलफूट काढायला बाया आत येतात. टोमॅटोची तोडणी दर तीन-चार दिवसांनी होते, त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांत राखायचे दिवस पाळणे आधीच अवघड असते. अशा ठिकाणी अंदाजाने केलेली प्रत्येक फवारणी माणसाच्या अंगावर जाते. ओळख पटवण्यात घालवलेला एक दिवस फुकट गेला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

वाचकांनी ही पुस्तिका कपाटात ठेवू नये, नेटच्या दाराशी खिळ्याला अडकवावी. पाने प्लास्टिकची घेतली आहेत ती यासाठीच. दर आठवड्याला एकदा, नेटच्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली झाडे धरून, शेंडा, मधली पाने, फळांचे देठ आणि बुडाशी मल्चिंगची कड या क्रमाने पाहावे. आत काम करणाऱ्या बायांनाही ती चित्रे दाखवावीत. पाने सर्वांत जवळून त्यांनाच दिसतात, आणि पहिली अळी मालकाच्या आधी बहुधा त्यांच्याच हाती लागते. चित्रांशी न जुळणारे काही सापडले तर ते टाकू नये. धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र, जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल येथील कृषी विज्ञान केंद्रे, यांपैकी जे जवळ असेल तिथे नमुना घेऊन जावे. डबीवर तारीख, गाव, पिकाचे वय आणि अळी झाडाच्या कोणत्या भागावर होती हे लिहावे, आणि तो पोखरलेला भागही सोबत न्यावा.